डिस्नी वर्ल्डचा जेवणाचा प्लॅन: आई-बाबांसाठी घ्यावा का?

प्लेन्सबोरोकर (ऑगस्ट 2024)

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात शिक्षकांच्या अधिवेशनामुळे जर्सीतल्या शाळांना सुट्टी असते, तिला जोडून ऑरलँडोला जायचं ठरलंय. 7 तारखेला पोचायचं, 12ला निघायचं, म्हणजे पाच रात्री. डिस्नीच्या पॉप सेंच्युरी हॉटेलात दोन खोल्या घेतल्यात, बुकिंगही दोन वेगळी आहेत. एका खोलीत मी, बायको, सात वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. दुसऱ्या खोलीत आई-बाबा, ते साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत.

प्रश्न हॉटेलच्या जेवणाच्या प्लॅनचा आहे. करोनात बंद झालेला प्लॅन या जानेवारीत पुन्हा सुरू झाला. दोन प्रकार दिसतात, दर 2024चे. क्विक सर्व्हिस, म्हणजे काउंटरवरून घेऊन खायचं, तो मोठ्यांना रात्रीमागे 57.01 डॉलर, मुलांना 23.83. दुसरा, ज्यात रोज एकदा टेबलावर बसून जेवता येतं, तो मोठ्यांना 94.28 आणि मुलांना 29.69. मोठा प्लॅन सगळ्यांसाठी घेतला तर पाच रात्रींचे 2034 डॉलर होतात. त्यातले 942 फक्त आई-बाबांचे, म्हणजे जवळजवळ ऐंशी हजार रुपये.

आई शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. बाबा मासे-चिकन खातात, पण त्यांना मधुमेह आहे, जेवणाची वेळ टळून चालत नाही. दारू आमच्यात कोणी घेत नाही. शिवाय निघायच्या दिवशी, 12 तारखेला कार्तिकी एकादशी येतेय, आईचा उपास असतो. एवढे पैसे वसूल होतात का? कोणी नुकतं जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा.

रानजाई

दादा, आम्ही फेब्रुवारीत माझ्या आईला आणि सासूबाईंना घेऊन गेलो होतो, दोघीही शाकाहारी. मोठा प्लॅन घेतला होता. त्यामुळे सगळं पहिल्यापासून सांगते, थोडं लांबेल.

आधी हिशोब. क्विक सर्व्हिसमध्ये रात्रीमागे दोन जेवणं, एक स्नॅक आणि मुक्कामभर पेय भरून घ्यायला एक मग (मोठा कप) मिळतो. एका जेवणात एक मुख्य पदार्थ आणि एक पेय. शाकाहारी माणसाचा मुख्य पदार्थ चौदा-पंधरा डॉलरचा असतो, पेय पाचाचं. दोन वेळचे झाले चाळीस. स्नॅक सात धरा. पेयाचा मग साधारण बावीस डॉलरचा, पाच रात्रींवर वाटला तर रोजचे साडेचार. कर धरला तरी बेरीज पंचावन्नच्या आतच राहते, आणि प्लॅन 57चा आहे. त्यातून आईने पेय नको म्हटलं, आणि ती म्हणणारच, कारण कोणत्याही काउंटरवर बर्फ घातलेलं पाणी फुकट मिळतं, तर रोजचे बारा-चौदा डॉलर गेले. 21 वर्षांवरच्यांना पेय म्हणून बिअर किंवा वाइनही घेता येते. हा प्लॅन ज्यांना परवडतो ते बहुतेक त्यावरच. तुमच्याकडे कोणी घेत नाही, तेव्हा क्विक सर्व्हिस सोडून द्या.

मोठ्या प्लॅनमध्ये रात्रीमागे एक टेबलावरचं जेवण, एक क्विक जेवण, एक स्नॅक आणि मग. 94 मधून क्विक जेवण, स्नॅक, मग आणि त्यांचा कर वजा केलात की टेबलावरचं जेवण करासकट निदान एकसष्ट डॉलरचं तरी व्हायला हवं. साध्या हॉटेलात शाकाहारी पास्ता मागवून ते कधीच होत नाही. ते होतं फक्त बुफेमध्ये, तेही रात्रीच्या. शेफ मिकीजचा रात्रीचा बुफे मोठ्यांना साठच्या वर आणि मुलांना चाळीसच्या आसपास आहे, आणि तरीही तिथे माणशी एकच क्रेडिट (प्लॅनमधल्या एका जेवणाचा हक्क) लागतं. तुमच्या मुलाचा प्लॅन रात्रीमागे 29.69चा, म्हणजे असल्या एका जेवणातच त्याचे त्या दिवसाचे पैसे सुटले. मुलीला काही घ्यायचं नाही. तीन वर्षांखालच्यांना प्लॅन नसतो आणि बुफेत ती फुकट जेवते.

काही हॉटेलांना, उदाहरणार्थ किल्ल्यातल्या सिंड्रेलाज रॉयल टेबलला, माणशी दोन क्रेडिट जातात. आम्हाला हे पहिल्याच रात्री अशाच एका ठिकाणी टेबलावर बसल्यावर कळलं. चौघांची आठ क्रेडिट गेली आणि शेवटच्या दिवशी मला खिशातून पैसे घालावे लागले. टेबल राखून ठेवण्याआधी ते एक क्रेडिटचं की दोनचं हे बघून घ्या.

आता आकड्यांपलीकडचं, आणि मला खरं तर हेच सांगायचं आहे.

पहिल्या दिवशी दुपारी आईने भिंतीवरचा मेनू वाचला. चष्मा वर केला, पुन्हा वाचला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सतरा डॉलर म्हणजे चौदाशे रुपये गं. मला भूक नाहीये. माझ्याजवळ दाण्याचा लाडू आहे." सकाळी सातपासून चालत होती ती. मागच्या वेळी नायगाऱ्याला अगदी हेच झालं होतं आणि संध्याकाळी तिला चक्कर आली. या वेळी मी म्हटलं, "आई, पैसे जानेवारीतच भरलेत. निघायच्या दिवशी रात्री बारा वाजले की उरलेलं सगळं बाद होतं, कोणी परत देत नाही." ती थबकली. "म्हणजे वाया जाणार?" आणि मग जेवली. आपल्या आयांना खर्च सोसवत नाही, पण अन्न वाया जाणं त्याहून सोसवत नाही. पाच दिवस दोघी रोज रात्री किती क्रेडिट उरली ते मला विचारायच्या आणि दुसऱ्या दिवसाचं ठरवायच्या. सासूबाईंनी तर विमानतळावरून आणलेल्या पावतीच्या मागे रेघा मारून नोंद ठेवली होती.

तेव्हा निव्वळ हिशोबाने आई-बाबांचा प्लॅन बरोबरीत सुटेल किंवा थोडा तोट्यात जाईल. मी तरीही घेईन.

क्रेडिट दिवसांवर नाही, रात्रींवर मिळतात. पाच रात्रींची क्रेडिट तुम्हाला सहा दिवस पुरवायची आहेत. म्हणून सकाळचा नाश्ता खोलीतच करा. खोलीत फ्रिज असतो. दूध, केळी, घरून नेलेले ठेपले आणि चिवडा. पार्कातही बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देतात, फक्त काचेची भांडी आणि दारू चालत नाही. पेयाचा मग हॉटेलच्या फूड कोर्टवर भरून घ्यायचा, पार्कात तो चालत नाही. सकाळचा आणि रात्रीचा चहा त्यातच झाला, आई त्यावर खूश होती.

एका बुकिंगमधली सगळी क्रेडिट एकत्र जमा असतात, कोणी कुठल्या दिवशी किती वापरायची यावर बंधन नाही. एक दिवस हलकं खाल्लं तर दुसऱ्या दिवशी दोनदा टेबलावर बसता येतं. पण एका बुकिंगची क्रेडिट दुसऱ्या बुकिंगवर चालत नाहीत. त्याचा एक फायदाही आहे. एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो, पण तुमची दोन बुकिंगं असल्यामुळे दोन्ही खोल्यांचा निर्णय वेगळा घेता येईल.

अटलांटाचा_बापू

रानजाईताईंचा हिशोब बरोबर आहे, पण मी आई-बाबांच्या खोलीसाठी प्लॅन घेणार नाही. आम्ही त्याऐवजी डिस्नीची गिफ्ट कार्डं घेतली. टार्गेट दुकानाच्या कार्डावर घेतली की 5 टक्के सुटतात. आई-वडिलांच्या हातात एक कार्ड दिलं आणि सांगितलं, पैसे भरून झालेत, आता फक्त खायचं. फोनच्या अॅपवरून मीच ऑर्डर द्यायचो, त्यामुळे भिंतीवरचे भाव त्यांच्या नजरेलाच पडले नाहीत. शाकाहारी माणसाचं रोजचं खाणं पन्नास डॉलरच्या वर गेलं नाही.

आणि टिपेचं कोणी बोललं नाही. प्लॅनमध्ये टिप धरलेली नसते. सहा किंवा जास्त जणांचं टेबल असेल तर 18 टक्के आपोआप लागतात, आणि तुम्ही लहानगीला धरून सहाच आहात. शेफ मिकीजला तुमची एका रात्रीची टिपच पन्नास डॉलरच्या वर जाईल. पाच रात्री टेबलावर बसलात तर ती रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा.

रानजाई

बापूदादा, टिपेचं राहूनच गेलं होतं, आठवण केलीत ते बरं झालं. गिफ्ट कार्डाचं मात्र माझ्या आईच्या बाबतीत जमलं नसतं. कार्डावर उरलेले पैसे तसेच राहतात हे तिला कळलं असतं की ती ते नातवाच्या खेळण्यासाठी वाचवायला लागली असती. ज्यांचे आई-वडील मोकळेपणाने खर्च करू देतात त्यांना तुमचा मार्ग चांगला आहे.

आता कुठे जेवायचं ते. अॅनिमल किंगडम पार्क करायच्या दिवशी संध्याकाळी तिथूनच बस पकडून अॅनिमल किंगडम लॉजला जा. राहायला नसलात तरी तिथे जेवता येतं. तिथलं बोमा म्हणजे आफ्रिकी पदार्थांचा बुफे, एक क्रेडिट. टेबल राखतानाच शाकाहारी आणि अंडं नको असं लिहा, आणि बसल्यावर पुन्हा सांगा. आमच्याकडे शेफ स्वतः बाहेर आले आणि आईला बरोबर घेऊन एकेक भांडं दाखवत गेले, यात मांसाचा रस्सा आहे, यात नाही, हे चालेल. सूप, मसाल्याची कडधान्यं, भाताचे प्रकार. मिरची-मसाला जिभेला लागल्यावर आईचा चेहराच बदलला. तीन वेळा वाढून घेतलं तिने. एक मात्र आईंना सांगून ठेवा. तिथे झेब्र्यासारखे पट्टे असलेली छोटी घुमटाकार मिठाई फार प्रसिद्ध आहे, तिच्यात आमारुला नावाचं सायीचं मद्य असतं. दिसते निरागस, मुलंही तिच्याकडेच धावतात. आम्ही वेळेवर विचारलं म्हणून बरं.

त्याच लॉजच्या दुसऱ्या इमारतीत साना आहे. तिथे भारतीय मसाल्यांचं जेवण मिळतं आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. पाच तऱ्हेचे नान-कुलचे-पराठे आणि नऊ चटण्या अशी एक थाळी येते, आमच्या टेबलावर सगळ्यांना तीच सर्वांत आवडली. ती स्टार्टरमध्ये मोडते आणि प्लॅनमध्ये स्टार्टर नसतो, तिचे वेगळे पैसे द्यायची तयारी ठेवा.

दुपारसाठी अॅनिमल किंगडममधलं सातुली कँटीन. भाताच्या वाटीवर टोफू, क्विक क्रेडिट, बाबांना चिकन घालून. मेनूवर पानाचं चिन्ह असेल तो पदार्थ पूर्ण वनस्पतिजन्य, म्हणजे अंडंही नाही, आईंना ते चिन्ह ओळखायला शिकवा, त्या स्वतः निवडतील.

बाबांच्या वेळेसाठी एकच उपाय. साठ दिवस आधी, पहाटे सहाच्या सुमारास साइटवर बसा. हॉटेलात राहणाऱ्यांना पोचायच्या तारखेच्या साठ दिवस आधी सगळ्या मुक्कामाची टेबलं एकदम राखता येतात. तुमची तारीख 8 सप्टेंबरला येते. जर्सीच्या सुट्टीत तिथे निम्मं न्यू जर्सी उतरतं, संध्याकाळी साडेसहाची वेळ हवी असेल तर त्याच दिवशी घ्या. उशीर केलात तर पावणेदहाचं टेबल मिळेल आणि बाबांना ते चालणार नाही.

दोन_कप_चहा

तुम्ही जाल तेव्हा एपकॉटमध्ये, म्हणजे डिस्नीच्याच दुसऱ्या एका पार्कात, खाण्याचा मोठा महोत्सव चालू असेल, 23 नोव्हेंबरपर्यंत आहे. तिथल्या टपऱ्यांवरचे बरेच पदार्थ स्नॅक क्रेडिटवर मिळतात. पाण्याच्या बाटलीवर किंवा पॉपकॉर्नवर स्नॅक घालवू नका, ती क्रेडिट साठवून एपकॉटच्या दिवशी वापरा. आम्ही सहा जणांनी एकाच दुपारी चौदा स्नॅक घेतले, प्रत्येकाचा एक घास सगळ्यांना. तेच आमचं जेवण झालं.

प्लेन्सबोरोकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही खोल्यांचा मोठा प्लॅन घेतला. रानजाईताई, तुमच्या आईंचं लाडूचं वाचून बायको म्हणाली, हे तर आपल्या घरातलंच. 8 तारखेला पहाटे उठून बोमा, साना आणि शेफ मिकीज मिळवलं, तिन्ही साडेसहा-सातच्या आतलं.

एकादशीचं तेवढं सांगा. 12 तारखेला सगळं बाद होणार आणि आई काही खाणार नाही.

रानजाई

आईंची जेवणाची क्रेडिट 11 तारखेच्या रात्रीपर्यंत संपवून टाका, क्रेडिट एकत्र असल्यामुळे बाबा त्यातलं एक दुपारीही वापरू शकतील. स्नॅकची मात्र चार-पाच मुद्दाम राखा. फूड कोर्टवर फळं ठेवलेली असतात, प्लॅनचं चिन्ह बघून घ्या. बटाट्याचे तळलेले तुकडे उपासाला चालतील असं वाटतं, पण तेलात आधी काय तळलंय ते विचारल्याशिवाय देऊ नका.

प्लेन्सबोरोकर (14 नोव्हेंबर)

परवा रात्री घरी पोचलो. बोमाला आमच्याही शेफनी आईला भांड्यांपाशी नेऊन सगळं दाखवलं. बाबांची साखर पाचही दिवस ठीक राहिली, रोज सातच्या आत जेवण झालं. टिपेचे सगळे मिळून 190 डॉलर गेले, बापूदादा म्हणाले तसे ते वेगळे ठेवले होते म्हणून जड गेलं नाही.

शेवटच्या दिवशी आई-बाबांचे तीन स्नॅक उरले होते. विमानतळावर जायच्या आधी आई स्वतः फूड कोर्टवर गेली, दोन केळी आणि फळांचा डबा घेऊन आली. विमानात खिडकीशी बसून तिने पांडुरंगाचं नाव घेतलं आणि उपासाचं तेच खाल्लं. एक केळं माझ्या मुलीला दिलं.