मदत हवी आहे: आईबाबांसोबत बघायला मराठी सिनेमे सुचवा

नमस्कार मंडळी. दिवाळीत चार दिवस नाशिकला आईबाबांकडे असेन. रोज रात्री जेवणं आटोपली की तिघांनी मिळून एक सिनेमा बघायचा, असं ठरवलंय.

बाबांना मी आजवर हलकंफुलकं, कौटुंबिक असंच काही लावून द्यायचे. मागच्या खेपेला परेश मोकाशींचा ‘वाळवी’ (२०२३) लावला. खुनाचा बेत आणि त्यातून वाढत जाणारा गोंधळ! वाटलं, दहा मिनिटांत उठतील. पण ते शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत, आणि सकाळी चहाच्या वेळीही त्याच्यावरच बोलत होते. तसलं आणखी काय आहे?

आईला मात्र माणसांची गोष्ट लागते. तिचं माहेर कुडाळचं. ‘दशावतार’मध्ये ऐंशीच्या घरातल्या दिलीप प्रभावळकरांना म्हाताऱ्या दशावतारी कलावंताच्या भूमिकेत बघून तिचे डोळे भरून आले.

खरी अडचण वेगळीच आहे. बाबांना हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि मला सापडतात ती सबटायटल्स बहुतेक इंग्रजीच असतात. त्यांना ती भराभर वाचता येत नाहीत, मग ते सारखं ‘काय म्हणाला गं?’ विचारतात आणि थोड्या वेळाने विचारायचंच सोडून देतात. ते मला बघवत नाही. मराठी सबटायटल्स असलेले सिनेमे कुणाला माहीत आहेत का? निदान संवाद स्वच्छ, संथ असलेले तरी सांगा.

‘आत्मपॅम्फ्लेट’ दोघांना एकत्र आवडेल का, हेही बघितलेल्यांनी जरूर कळवा.