शून्य ओळ आली म्हणजे गणित चुकले असे नाही

(१,२,३), (४,५,६) आणि (७,८,९) हे सदिश (क्रमाने लिहिलेले संख्यांचे गट) एकमेकांवर अवलंबून आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांचे मॅट्रिक्स (ओळींत मांडलेला संख्यांचा तक्ता) सोडवताना शेवटची ओळ शून्य झाली, म्हणून आपण सगळी आकडेमोड खोडून टाकलीत, याचे मला खरोखर वाईट वाटले, कारण आपले उत्तर बरोबरच होते. दुसऱ्या ओळीतून पहिलीची चारपट वजा केल्यावर (०,−३,−६) आणि तिसरीतून सातपट वजा केल्यावर (०,−६,−१२) मिळते. ही ओळ आधीच्या ओळीची दुप्पट आहे, म्हणून तिच्यातून आधीची ओळ दोनदा वजा केली की ती शून्य होते; म्हणजे हे सदिश एकमेकांवर अवलंबून आहेत. केलेल्या क्रिया समासात लिहीत गेलात, तर पहिला आणि तिसरा सदिश यांची बेरीज दुसऱ्याच्या दुप्पट आहे, हे नातेच हाती येते. तयार उत्तर मागण्याऐवजी अशी अडलेली पायरी शिक्षकांना दाखवावी.