स्विचवर डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधणं) चालेना, मदत हवी आहे (अर्जंट)

वायरमन_नाशिक: सिस्को कॅटॅलिस्ट 3750 आहे. आयपी नेम-सर्व्हर 8.8.8.8 (गूगलचा डीएनएस) टाकलं, आयपी डोमेन-लुकअप पण चालू आहे, तरी नावाने पिंग (समोरचा उत्तर देतो का ते बघणं) केलं की ट्रान्सलेटिंग म्हणत बसतो आणि शेवटी अनरेकग्नाइज्ड होस्ट. सकाळपासून डोकं फिरलंय. नेट चालू आहे.

रात्रपाळी: नेट चालू म्हणजे कुठे? स्विचवरून 8.8.8.8 पिंग होतंय का?

कट्टर_सीएलआय: सरळ नो आयपी डोमेन-लुकअप मार. कमांड चुकली की स्विच तिलाच होस्टचं नाव समजून शोधत बसतो, कंट्रोल शिफ्ट 6 दाबून बाहेर यावं लागतं. मी नवीन स्विचवर पहिलं हेच करतो.

रात्रपाळी: अहो त्यांना लुकअप हवाय, तुम्ही बंद करायला सांगताय! टायपोचा त्रास असेल तर लाईनवर ट्रान्सपोर्ट प्रिफर्ड नन द्या, डीएनएस चालू राहतं.

कट्टर_सीएलआय: स्विचला डीएनएस लागतंच कशाला पण?

वायरमन_नाशिक: एनटीपीला (नेटवरून घड्याळ जुळवायला) टाइम सर्व्हरच्या पूलचं नाव द्यायचंय. लॉगमध्ये सगळीकडे 1 मार्च 1993 दिसतंय, लिंक कधी पडली तेच कळत नाही, साहेब रोज विचारतात. 8.8.8.8 स्विचवरून पिंग होत नाही, पण पीसीवरून होतंय.

माऊली07: 1.1.1.1 टाकून बघा, माझ्या घरी त्यानेच स्पीड वाढला.

रात्रपाळी: पिंगच जात नाही तर सर्व्हर बदलून काय होणार. पीसीचा गेटवे (नेटवर्कबाहेर जायचा रस्ता) कोण? स्विचवर गेटवे दिलाय ना?

वायरमन_नाशिक: पीसीचा गेटवे फायरवॉल. स्विचवर आयपी डिफॉल्ट-गेटवे 192.168.10.1, तोच फायरवॉल, तो स्विचवरून पिंग होतो.

जुना_रॅक: आयपी राउटिंग (स्विचने राउटरचं काम करणं) चालू आहे का?

वायरमन_नाशिक: हो, मागे टेस्टिंगला केलं होतं ते राहिलंय. त्याचा काय संबंध?

जुना_रॅक: तिथेच गोम आहे भाऊ, हे आधी सांगायचं ना. राउटिंग चालू असलं की स्विच डिफॉल्ट-गेटवे बघतच नाही. आयपी रूट 0.0.0.0 0.0.0.0 192.168.10.1 (बाहेरचं सगळं फायरवॉलकडे) टाक, नाहीतर राउटिंग बंद कर. रूट पडल्यावरही नाव सापडलं नाही तर फायरवॉलवर स्विचच्या आयपीला यूडीपी 53 (डीएनएसचा पोर्ट) मोकळा आहे का बघ, आणि एनटीपीला 123.

माऊली07: मग घरच्या राउटरवर पण हे टाकू का?

वायरमन_नाशिक: रूट टाकला, पिंग गेलं! नाव पण सापडतंय. 53 उघडाच होता, 123 बंद होता तो उघडला. आता शो क्लॉकला बरोबर तारीख आली पण वेळ साडेपाच तास मागे का?

रात्रपाळी: घड्याळ यूटीसी वेळ दाखवतंय, क्लॉक टाइमझोन आयएसटी 5 30 द्या. आणि राईट मेमरी (सेव्ह) करा आधी!