झेंडा एकाचा, कारभार दुसऱ्याचा

‘ग्रीनलँड डेन्मार्कचं, पण लष्करी तळ अमेरिकेचा, असं अर्धवट किती दिवस चालणार?’ हा प्रश्न वाचून आम्हा नागपूरकरांना हसू येतं. बाप्पा, आमच्या शेजारच्या वऱ्हाडात असंच चाललं की! १९०२ मध्ये इंग्रजांनी वर्षाला २५ लाख रुपयांवर निजामाकडून वऱ्हाड कायमचं भाडेपट्ट्याने घेतलं. कारभार नागपुरातून, मालकी कागदावर हैदराबादची. १९३६ च्या करारानंतर तर निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ (बेरार म्हणजे वऱ्हाडच) ही पदवी मिळाली. कापूस पिकवणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही, तो भाग वेगळाच.

आणि विकत घेण्याची भाषाही आजची नाही. १९४६ मध्येच अमेरिकेने ग्रीनलँडसाठी १० कोटी डॉलरचं सोनं देऊ केलं होतं. डेन्मार्कने विकलं नाही, पण १९५१ च्या करारात तळांना परवानगी दिली.