‘सचिवीय प्रशिक्षण’ आणि ‘नृत्याचे धडे’ : एका वाक्यातल्या तीन शब्दांविषयी

प्रश्न :
एका इंग्रज स्त्रीच्या चरित्राच्या मराठी अनुवादाचे मुद्रितशोधन सध्या माझ्याकडे आहे. तिचा जन्म १८९८ सालचा. पहिल्याच प्रकरणात असे वाक्य आहे : ‘तिचे शिक्षण खासगी शाळेत झाले, पुढे तिने सचिवीय प्रशिक्षण घेतले आणि नृत्याचे धडेही गिरवले.’ व्याकरणाची चूक एकही नाही, तरी प्रत्येक शब्दाशी अडखळायला होते. जाणकारांनी पर्याय सुचवावेत.

उत्तर :
तिन्ही शब्द कोशात बरोबर आहेत. त्या मुलीच्या घरात नेऊन ठेवले की तिन्ही चुकतात.

‘खासगी शाळा’ म्हटल्यावर आपल्यापुढे सरकारी नसलेली, एखाद्या संस्थेने चालवलेली, बहुधा अनुदानित शाळा येते. चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी १८८० साली पुण्यात काढलेली न्यू इंग्लिश स्कूल या अर्थाने खासगीच होती, पण ती कुणा एकाच्या मिळकतीची नव्हती. इंग्लंडात मात्र सहाव्या हेन्रीने १४४० साली स्थापन केलेल्या ईटनसारख्या, भरमसाट फी घेणाऱ्या शाळेलाही ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात, कारण ती विश्वस्तांच्या हाती असते आणि फी भरू शकणाऱ्या कोणत्याही गावच्या मुलाला तिचे दार उघडे असते. त्याउलट ‘प्रायव्हेट’ शाळा म्हणजे मालकाची शाळा. मुलींच्या बाबतीत ती पुष्कळदा एखाद्या अविवाहित बाईंनी किंवा दोघी बहिणींनी राहत्या घरात चालवलेली असे, आणि तिथे फ्रेंच, पियानो, चित्रकला, शिवणकाम आणि चारचौघांत वागण्याची रीत शिकवली जाई. गंमत अशी, की ‘खासगी’चा आपल्याकडचा जुना अर्थ याच्या अधिक जवळ आहे. मराठेशाहीत खासगी म्हणजे धन्याच्या घरचा, दौलतीच्या हिशेबापासून वेगळा ठेवलेला कारभार; अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेली होळकरांची खासगी प्रसिद्धच आहे. आजच्या वाचकाला हा अर्थ ऐकू येणार नाही, म्हणून मूळ चरित्रात आधार असेल तर ‘एका बाईंच्या घरगुती शाळेत’ असे लिहावे.

खरी अडचण ‘सचिवीय’ची आहे. सचिव म्हटले की मंत्रालय डोळ्यांपुढे येते, त्यामुळे ही मुलगी सनदी सेवेची तयारी करत होती असा समज होतो. ‘चिटणीस’ही चालणार नाही. चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस, हा अर्थ कामाच्या दृष्टीने नेमका असला, तरी शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्यापासून तो मानाचा पुरुषी हुद्दा आहे आणि आज तो राजकीय पक्षांच्या पदाधिकाऱ्यांकडे गेला आहे. या मुलीने जे शिकून घेतले ते होते टंकलेखन, लघुलेखन, जमाखर्च आणि पत्रव्यवहार. टंकलेखन यंत्र कचेऱ्यांत शिरले तशी मध्यमवर्गातल्या मुलींना पगाराची एक अब्रूदार वाट मिळाली, आणि १९१४ च्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेल्यावर ती आणखी रुंद झाली. इंग्रजीत सुरुवातीला ‘टाइपरायटर’ हा एकच शब्द यंत्रालाही होता आणि त्यावर बसणाऱ्या बाईलाही. आपण निदान ‘टंकलेखिका’ हा वेगळा शब्द केला, आणि तो करताना ‘टंक’ हा ठसा उमटवण्याशी जोडलेला, टांकसाळीतला शब्द उचलला, हे मला फार नेमके वाटते.

लघुलेखनाविषयी थोडे विषयांतर करतो. आयझॅक पिटमनने १८३७ साली प्रसिद्ध केलेली पद्धत स्पेलिंगवर नव्हे, उच्चारावर चालते. त्यात ‘प’ची रेघ बारीक, त्याच दिशेची ठळक रेघ म्हणजे ‘ब’. तीच गोष्ट ट-ड, च-ज, क-ग यांची. अघोष बारीक आणि घोष ठळक. वर्णमाला वर्गांनी पाठ केलेल्या मराठी मुलाला हे एका बैठकीत कळावे. मी टायपिंगच्या क्लासला जात होतो तेव्हा शेजारच्या खोलीत शॉर्टहँडच्या मुली याच रेघा काढत बसत, आणि आमच्या खोलीत ‘ए एस डी एफ’ बडवणाऱ्या दहा-बारा यंत्रांच्या घंटा ओळीच्या शेवटी एकापाठोपाठ वाजत. त्यांतली एकही मुलगी ‘मी सचिवीय प्रशिक्षण घेते’ असे म्हणत नसे. ‘टायपिंगची थर्टी झाली, आता फोर्टीला बसणार आहे’, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा झाली, आता चाळीसची, असे बोलणे असे. तेव्हा अनुवादातही ‘टंकलेखन-लघुलेखन शिकून घेतले’ असे सरळ लिहावे.

राहिले ‘नृत्याचे धडे गिरवले’. गिरवतात ती अक्षरे आणि कित्ता. पायांनी काय गिरवणार? शिवाय ‘नृत्य’ वाचल्यावर घुंगरू ऐकू येतात. त्या मुलीचे नाचणे बहुधा वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट यांचे, म्हणजे मेजवानीत परक्या तरुणाबरोबर पावले न चुकवता फिरता यावे एवढ्यापुरते असणार. दशरूपक या जुन्या संस्कृत नाट्यग्रंथाची व्याख्या काटेकोर लावली, तर भावावर आधारलेले ते नृत्य आणि ताललयीवर आधारलेले ते नृत्त, म्हणजे हे नृत्तच ठरेल. पण चरित्रात तो शब्द घालणे हा आडमुठेपणा होईल. ‘नाच शिकली’ म्हणावे, तर त्याच काळातल्या पुण्यामुंबईच्या पांढरपेशा घरात हे शब्द मुलीविषयी कुणी मोठ्याने उच्चारले नसते, कारण नाच हा तमाशाच्या फडात नाहीतर कलावंतिणीच्या दिवाणखान्यात, अशी समजूत होती. तिकडे ज्याने मुलीची प्रतिष्ठा वाढे, त्यानेच इकडे ती जाई. म्हणून ‘नृत्य’ ठेवणेच बरे, फक्त त्याला ‘बॉलरूम’ जोडावे, आणि ‘धडे गिरवले’ काढून ‘शिकवणी लावली’ असे करावे. शिकवणी लावणारे आईवडील असतात, आणि इथेही तेच असणार.

शंका :
‘सचिव’ला एवढे हद्दपार करू नये असे वाटते. संस्कृतात सचिव म्हणजे मुळात सोबती, साहाय्यक. कालिदासाच्या रघुवंशाच्या आठव्या सर्गात अज राजा मरण पावलेल्या पत्नीविषयी, इंदुमतीविषयी, विलाप करताना ‘गृहिणी सचिवः सखी मिथः’ (गृहिणी, सचिव, एकांतातली सखी) म्हणतो आणि लगेच ‘प्रियशिष्या ललिते कलाविधौ’ (ललित कलांतली लाडकी शिष्या) अशी जोड देतो. सचिवपण आणि ललित कलांचे शिष्यत्व एकाच स्त्रीच्या ठायी, एकाच श्लोकात! आपल्या वाक्याला याहून मोठा आधार कोणता?

उत्तर :
आधार सुंदर आहे आणि तो मला सुचला नव्हता, हे मान्य करतो. मात्र इंदुमती हे सारे पतीच्या घरी होती, आणि इंग्लंडच्या त्या मुलीला टंकलेखन शिकवण्यामागे, लग्न जमले नाही तर तिला स्वतःचे पोट भरता यावे, हा घरच्यांचा हिशेब असणे अधिक संभवते. ‘सचिवीय’ने हा हिशेब झाकला जातो. माझ्या मते वाक्य असे व्हावे : ‘एका बाईंच्या घरगुती शाळेत तिचे शिक्षण झाले. पुढे ती टंकलेखन आणि लघुलेखन शिकली. त्याच सुमारास घरच्यांनी तिला बॉलरूम नृत्याची शिकवणीही लावली.’ ‘घरगुती’ आणि ‘घरच्यांनी’ हे दोन्ही शब्द मूळ मजकुराशी ताडून पाहावेत. जुळले नाहीत तर पहिल्याच्या जागी ‘खासगी’ ठेवावे आणि दुसरा गाळून ‘शिकवणी घेतली’ म्हणावे. ‘गिरवले’ मात्र काहीही झाले तरी राहू नये.