मदत हवी आहे: जोडीने वाचनाचा उपयोग होतोय का, हे कसं तपासायचं?

नमस्कार. आमच्या 12 शाळांत पाचवीत येणारी बरीच मुलं शाब्दिक उदाहरण घडाघडा वाचतात, पण काय विचारलंय ते सांगता येत नाही. परवा एका मुलीने गुणाकार बिनचूक केला. करायचा होता भागाकार. फार वाईट वाटलं.

6 शाळांत रोज 20 मिनिटं जोडीने वाचन घ्यायचं ठरतंय. पण उत्साही मुख्याध्यापकच आधी पुढे येतात, मग फरक वाचनामुळे पडला की त्यांच्यामुळे? अमेरिकेत टेनेसीमध्ये 1985 पासून कमी मुलांच्या वर्गांचा प्रयोग झाला, तेव्हा कोणतं मूल कुठल्या वर्गात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. फक्त 12 शाळांत ते जमेल का? उरलेल्या शाळांतल्या पालकांना थांबायला कसं सांगायचं? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.