स्वयंपाक शिकताना नेमकं कुठे अडलं? (अनुभव धागा)

दगडीपाटा

भाचा नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि महिन्याच्या आत बाहेरच्या खाण्याला विटला. आता रोज रात्री फोन. "मावशी, तेल चांगलं तापलं की, म्हणजे किती?" "कांदा परतायचा तो कुठवर?" पाककृती त्याच्याकडे ढिगाने आहेत, व्हिडिओ तर विचारूच नका. पण अडतं ते कृतीत लिहिलेलं नसतं तिथेच.

म्हणून हा धागा. वरण, भात, उसळ, पालेभाजी, भाकरी, खिचडी असं रोजचं साधं, अंगी लागणारं जेवण शिकताना तुमचं घोडं कुठे अडलं आणि कशाने पुढे सरकलं, ते लिहा. पूर्ण पाककृती नको. पनीर बटर मसाला नको आणि केक तर मुळीच नको.

सुरुवात मीच करते, फोडणीपासून. तेल तापलं का ते बघायला मोहरीचे दोनच दाणे टाकायचे. तळाशी गप्प बसले तर थांबायचं, वर येऊन तडतडले की बाकीची मोहरी. तिचा आवाज कमी होत आला की जिरं, मग आच बारीक करून हिंग आणि सगळ्यात शेवटी हळद. हळद पडल्या पडल्या भाजी किंवा डाळ आत गेली पाहिजे, कारण ती करपली की सगळ्या भाजीला कडवट वास लागतो. कढीपत्ता आणि मिरची पुसून कोरडी करून घ्या, म्हणजे तेल अंगावर उडणार नाही.

तेल कमी करायचं असेल तर फोडणी लहान पळीत करून वरून ओता. कढईच्या रुंद बुडात मोहरी बुडायलाच जास्त तेल लागतं. पळीत चहाचे दोन चमचे तेल दोघांच्या वरणाला भरपूर झालं.

मुक्कामपोस्ट

बंगळूरला तिघं मुलं एका फ्लॅटमध्ये राहतो. आमचं भांडण शिट्ट्यांवरून. माझी आई म्हणते तीन, एकाच्या घरी पाच, तिसऱ्याच्या घरी कुकरच नवा, त्याला शिट्टीचा पत्ताच नाही. शेवटी आईच म्हणाली, "अरे, शिट्ट्या कसल्या मोजतोस, घड्याळ बघ." मोठी आच असली की शिट्ट्या पटापट होतात, डाळ तेवढ्यात शिजत नाही. आता पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून दहा मिनिटं. त्यानंतर बंद करायचा आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. भूक लागली म्हणून शिट्टी उचलून वाफ सोडली की वरचा भात फडफडीत कच्चा राहतो.

तूरडाळ अर्धा तास भिजवतो. वाटीभर डाळीला अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग, तेलाचा थेंब. मीठ नंतर. आणि घोटायची ती गरम असतानाच, गार झाली की गुठळ्या राहतात. तांदळाचं गणित वेगळं. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. इंद्रायणी चिकटच होणार, त्यात तुमचा दोष नाही. एवढं कळल्यावर निम्मी चिंता मिटली.

उणेवीस

शिट्ट्यांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. कामानिमित्त लेहला होतो. समुद्रसपाटीपासून साधारण 3,500 मीटर उंची. हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. पातेल्यात पाणी खळाखळा उकळतंय आणि डाळ मात्र ढिम्म. खाली पुण्यात ज्यांना कुकर ही सोय वाटते, त्यांना तिथे ती गरज असल्याचं कळतं. कुकरमध्येसुद्धा खालच्यापेक्षा थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. मी तिथे मुगाच्या डाळीची खिचडीच शिकलो, कारण मूगडाळ लवकर शिजते. समान तांदूळ-डाळ, चौपट पाणी, आलं, जिरं, मिरे, वरून तूप. आजही तीच करतो, दुसरं फारसं येत नाही आणि हौसही नाही.

कढीलिंब

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. डाळ कितीही शिजवली तरी दाणा दाणा वेगळाच. डाळ बदलली, कुकर बदलला. काय करू?

दगडीपाटा

कढीलिंब, पाणी बदला. क्षाराच्या पाण्यात डाळ मऊ होत नाही. डाळ शिजवायला पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या. डाळ फार जुनी नाही ना, तेही बघा. काही जण चिमूटभर सोडा टाकतात, त्याने शिजते खरी, पण बी गटातली जीवनसत्त्वं नासतात. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालायचं. आंबट आधी पडलं तर चांगल्या पाण्यातही डाळ अडून बसते.

जोंधळा

माझं माहेर रत्नागिरीकडचं, तांदळाच्या भाकरीचं. सासर सोलापूर जिल्ह्यातलं. तिथे दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीचा केवढा अभिमान. असावाच, त्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे.

सासूबाईंनी पहिल्यांदा मला तव्याजवळ येऊच दिलं नाही. "आधी पीठ ओळखायला शीक," म्हणाल्या. पीठ ताजं हवं. दळून महिना उलटला की त्याची विरी जाते, मग तुम्ही ब्रह्मदेव असलात तरी भाकरी थापताना फाटणारच. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, म्हणून पिठाला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. ते काम उकळतं पाणी करतं. पिठात खळगा करायचा, त्यात आधणाचं पाणी ओतायचं, चमच्याने कालवायचं आणि हाताला सोसवेल इतपत निवलं की तळहाताच्या टाचेने रगडायचं. मळायचं नाही, रगडायचं. गोळा किंचित दाबून बघायचा, कडेला चीर पडली तर अजून रगडायला हवा. एका वेळी एकाच भाकरीपुरतं पीठ भिजवायचं.

काठवटीत पीठ भुरभुरून त्यावर गोळा. मी जोर लावायची. त्या शेजारी बसून म्हणायच्या, "अगं, दाबू नकोस, थाप. हाताखाली ती फिरली पाहिजे." ही गोष्ट सांगून कळत नाही. बोटं कडेवर हलकी पडली की भाकरी आपणहून गोल सरकते, मध्ये हात पडला की खाली चिकटून बसते. मग तवा. पिठाची बाजू वर ठेवून टाकायची आणि लगेच त्यावर पाण्याचा हात फिरवायचा. हे पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायचं. उशीर झाला तर तडे जातात, घाई झाली तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू नीट भाजली की उलटून थेट आचेवर. पापुद्रा सुटून टम्म फुगली की पीठ, पाणी, हात सगळं जमलं असं समजा.

2023 साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हा शहरात ज्वारी-नाचणीची बिस्किटं आणि कुरकुरीत खाऊ यांचा पूर आला. पौष्टिक म्हणून ती घेणाऱ्या मैत्रिणींना मी म्हणते, त्या पैशात चार किलो ज्वारी दळून आण. त्या हसतात. भाकरीला हात लागतो, पाकीट फोडायला नाही.

निवृत्त नाशिककर

वय 66. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी स्वयंपाकघरात शिरलो. हिचा पलंग बाहेरच्या खोलीत, मी ओट्याशी. तिथून नुसत्या वासावर हुकूम सुटायचे. "अहो, लसूण लाल झाला, मेथी घाला आता." मी वाकून बघतो तर खरोखर लाल झालेला!

पालेभाजीत मला अडलं ते मिठापाशी. कढईभर मेथी दिसते, त्या अंदाजाने मीठ घालावं तर ती आळून मूठभर होते. म्हणून पाला बसल्यावर मीठ. पाला आधी धुवायचा, मग चिरायचा, झाकण ठेवायचं नाही म्हणजे रंग हिरवा राहतो. भिजवलेली मूगडाळ पेरली की भाजीला अंग येतं.

मिठाचं आणखी एक. मला रक्तदाब आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचा. दोघांना महिन्याला फार तर 300 ग्रॅम. किलोची पिशवी तीन महिने पुरली पाहिजे. पिशवीवर आणल्याची तारीख लिहून ठेवा, आपला हिशेब आपल्याला कळतो. लोणचं-पापड त्यात धरलेलं नाही हे ध्यानात असू द्या.

आमसूल

एकट्या राहणाऱ्यांना कुळथाची पिठी सुचवते. आम्ही सिंधुदुर्गातले, आमच्याकडे घरात भाजी नसली की पिठीच. तेलात ठेचलेला लसूण, मिरची, थोडा कांदा, मग पाणी आणि आमसूल. कुळथाचं पीठ आधी वेगळ्या वाडग्यात गार पाण्यात कालवायचं, उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं तर गुठळ्या. धार धरून सोडायचं आणि उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही. गार झाल्यावर ती घट्ट होते, म्हणून पातळच उतरवायची. गरम भातावर ओता आणि सोबत भाजलेला पापड घ्या. ताप येऊन गेल्यावर दुसरं काही गोड लागत नाही.

शून्यखाली

जर्मनीत शिकतोय. इथली विजेची शेगडी बटण बंद केलं तरी बराच वेळ तापलेली राहते. दगडीपाटा, तुमचं "आच बारीक करून हिंग" इथे चालत नाही. पळी सरळ बाजूलाच उचलावी लागते आणि मग हिंग-हळद. हे कुठल्याच पाककृतीत नव्हतं.

दुसरं, राजमा. सोबतचे लोक स्लो कुकरमध्ये कडधान्य टाकून वर्गाला जातात. राजमा तसा शिजवू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. मंद आचेवर ते नष्ट होत नाही. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचा, नाहीतर कुकर. दाणा बोटांत दाबला की लोण्यासारखा फुटला पाहिजे.

मुक्कामपोस्ट

मटकीला मोड आणायचेत. इथे थंडी आहे, दोन दिवस झाले, अजून टोकच दिसतंय.

जोंधळा

थंडीत वेळ लागतो. भिजवून झाल्यावर पाणी अगदी निथळून कापडात घट्ट बांधा आणि बंद ओव्हनमध्ये किंवा पिठाच्या डब्याशेजारी ठेवा. दिवसातून एकदा धुऊन पुन्हा बांधा. मोड आल्यावर कुकरला लावू नका, लगदा होतो. फोडणीवर परतून, झाकणात पाणी ठेवून वाफवली की दहा-पंधरा मिनिटांत शिजते.

मुक्कामपोस्ट

बांधलेलीच आहे, पण धुतली नव्हती. हाताला जरा चिकट लागतेय, वासही आंबूस आहे. धुऊन चालेल ना?

दगडीपाटा

नाही. टाकून दे आणि नवी भिजव.